अर्ध्या गावाची हजेरी: गोव्यातील एका वनहक्क दाव्याचा अभ्यास

गोव्यात वनहक्काचा दावा फेटाळला जाण्यापेक्षा अडकून पडण्याचं प्रमाण मोठं आहे. कोणी स्पष्ट नाही म्हणत नाही. पाहणीची तारीख पडते आणि पुढे जाते. ग्रामसभा बोलावली जाते, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. फाईल उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि ‘त्रुटी’ म्हणून परत येते. या सगळ्यात दावेदाराच्या हातात एकही असा कागद पडत नाही, ज्याच्याविरुद्ध त्याला दाद मागता येईल. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा 2006 साली झाला, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले, आणि तरीही सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा, सत्तरी या तालुक्यांत हजारो दावे वर्षानुवर्षं याच अवस्थेत राहिले.

असा दावा नेमका कुठे अडकतो, का अडकतो आणि तो सोडवायचा कसा, हे पाहण्यासाठी इथे एक वाडा घेतला आहे. हा वाडा आकडेमोड दाखवता यावी म्हणून रचलेला आहे, कोणत्याही एका गावाचं ते वर्णन नाही. कायदा, तारखा आणि अटी मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

नेत्रावळी अभयारण्याच्या कडेला असलेल्या या वाड्यावर 26 घरं आहेत. 23 वेळीप समाजाची, 3 गवळी-धनगरांची. पंचायतीचं कार्यालय 9 किलोमीटरवर. एका वेळीप जोडप्याचा दावा 1.15 हेक्टरचा, म्हणजे 11,500 चौरस मीटरचा आहे. त्यात उतारावरची काजूची बाग 6,500, नाचणीचा कुमेर (डोंगरउतारावरची फिरती शेती) 3,000, ओहळाकाठची भातशेती 1,200 आणि घर-अंगण-गोठा मिळून 800 चौरस मीटर. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारासारखा जमिनीचा उतारा) भोगवटादार म्हणून सरकारचं नाव आहे. वन खात्याच्या नकाशात हा सगळा तुकडा हिरवा.

उशीर कुठून सुरू झाला

1961 च्या गोवामुक्तीनंतर 1968 साली गोवा, दमण आणि दीवसाठी अनुसूचित जमातींची यादी निघाली. तिच्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली होते. या जमाती मुख्यतः दमणकडच्या. गोव्याच्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहणारे कुणबी, गावडा आणि वेळीप त्या यादीत नव्हते. त्यांचा समावेश झाला जानेवारी 2003 मध्ये. म्हणजे मुक्तीनंतर 41 वर्षं या माणसांना घटनेच्या भाषेत जमात म्हणून ओळखच नव्हती, आणि या काळात त्यांच्या पायाखालच्या जमिनीबद्दलचे मोठे निर्णय होऊन गेले होते. जमिनीचं नवं सर्वेक्षण झालं, तेव्हा डोंगर सरकारच्या नावावर चढले. 1972 चा वन्यजीव कायदा आणि 1980 चा वनसंवर्धन कायदा आला. 1999 मध्ये म्हादई (208.48 चौरस किलोमीटर) आणि नेत्रावळी (211.05 चौरस किलोमीटर) ही दोन अभयारण्यं जाहीर झाली. अभयारण्य झालं की आतल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते निश्चित करायचे, असं वन्यजीव कायद्यातच लिहिलेलं आहे. ते काम मागे पडलं आणि बंदी तेवढी पुढे आली.

2006 चा कायदा त्याच्या उद्देशिकेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ हा शब्द वापरतो. स्वतंत्र भारताच्या संसदेनं आपल्याच नागरिकांवर अन्याय झाल्याची कबुली कायद्याच्या पहिल्या पानावर लिहून दिल्याची उदाहरणं विरळ आहेत. म्हणूनच इथे दावेदार सरकारकडे जमीन मागायला आलेला नसतो. त्याचा हक्क आधीपासून आहे, सरकारनं तो फक्त नोंदवायचा आहे. कायदा ‘मान्यता’ म्हणतो, ‘वाटप’ म्हणत नाही. गोव्यात मात्र हक्कपत्रं ‘वाटण्याचे’ कार्यक्रम होतात, आणि त्यातून लोकांच्या मनात चुकीचं चित्र बसतं.

25 मे 2011 रोजी केपे तालुक्यातल्या बाळ्ळी इथे आदिवासी संघटनांनी आपल्या मागण्यांसाठी रास्ता आणि रेल्वेमार्ग रोखला. त्या दिवशीच्या हिंसेत दोन तरुण आदिवासी कार्यकर्त्यांचा जाळपोळीत मृत्यू झाला. मागण्या नव्या नव्हत्या. कायद्यानं आधीच दिलेल्या गोष्टी प्रत्यक्षात द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गोव्यातल्या वनहक्काच्या प्रत्येक फाईलमागे हे बाळ्ळीचं देणं आहे, असं आम्ही मानतो.

दाव्यात काय लिहायचं

वैयक्तिक दाव्यासाठी नमुना ‘अ’, सामूहिक हक्कांसाठी ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी ‘क’. तिन्ही नमुने मोफत मिळाले पाहिजेत, ती उपजिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या उपविभागीय समितीची जबाबदारी आहे. या जोडप्याच्या नमुना ‘अ’मध्ये पहिल्याच फेरीत तीन चुका होत्या, आणि याच चुका सगळीकडे दिसतात.

पहिली चूक, दावा फक्त नवऱ्याच्या नावावर भरला होता. कायद्याच्या कलम 4(4) नुसार विवाहितांच्या बाबतीत हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. नंतर बायकोचं नाव घालायला गेलं तर कार्यालय नवा अर्ज मागतं, म्हणून सुरुवातीलाच दोघांच्या सह्या किंवा अंगठे हवेत.

दुसरी चूक जास्त महाग पडणारी. त्यांनी फक्त भातशेती आणि घर, म्हणजे 2,000 चौरस मीटर एवढंच लिहिलं होतं. काजू म्हणजे झाडं, झाडं म्हणजे जंगल, ते आपल्याला कोण देणार, अशी समजूत. कुमेर तर बंदीच्या भीतीनं कोणी उच्चारतच नाही. पण 6 सप्टेंबर 2012 रोजी दुरुस्त झालेल्या नियमांतला नियम 12-अ स्पष्ट सांगतो की शेतीच्या हक्कात शेतीला जोडून वापरली जाणारी जमीनही धरायची: गुरं बांधायची जागा, मळणीचं खळं, धान्य साठवण्याची जागा, वृक्षपिकं, आणि आलटून पालटून पडीक ठेवलेली जमीन. वृक्षपिकं म्हणजे आपली काजूची बाग. आलटून पालटून पडीक ठेवलेली जमीन म्हणजे कुमेरचा या वर्षी मोकळा सोडलेला तुकडा. काजूबिया बाजारात विकल्या म्हणून हक्क जात नाही. उपजीविकेच्या गरजेत जादा उत्पन्नाची विक्री धरलेली आहे, हेही त्याच दुरुस्तीत आहे. एकूण मर्यादा 4 हेक्टर, आणि प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच जमीन.

तिसरी चूक, अर्ज दिल्याची पोच घेतली नव्हती. वनहक्क समितीनं लेखी पोच द्यायची असते. तारीख आणि सही असलेली पोच नसेल तर पुढची सगळी मुदत हवेत राहते.

पुरावा: कागद कमी, जमीन बोलकी

नियम 13 पुराव्यांची लांबलचक यादी देतो आणि एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यायला सांगतो. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, सरकारी नकाशे, जनगणना, वन खात्यानं पूर्वी केलेल्या दंडाची पावती हे कागद. त्याच बरोबरीनं घर, झोपडी, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान अशा प्रत्यक्ष खुणा, वंशावळ, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन. दोन प्रकारचे दोन पुरावे नीट असले तर दावा उभा राहतो. वन खात्यानं तीस वर्षांपूर्वी अतिक्रमण म्हणून ठोकलेला दंड हा ताब्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, पण लोक ती पावती भीतीनं फाडून टाकतात. ती जपून ठेवायला हवी.

अनुसूचित जमातीच्या दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो. या वाड्यावर तो दाखवणं अवघड नाही. ओहळाकाठच्या भातशेतीला तीन टप्प्यांचे दगडी बांध आहेत. खालच्या टप्प्याचे दगड शेवाळानं काळे पडून एकमेकांत रुतले आहेत आणि वरच्या टप्प्याच्या बांधातून एका काजूचं मूळ आरपार गेलं आहे. बागेच्या वरच्या टोकाला बोंडू तुडवण्यासाठी कातळात कोरलेला खळगा आहे, रस वाहून जायला त्याला एका बाजूला चर आहे. शेजारी भट्टीची काळवंडलेली चूल. हा खळगा एक-दोन वर्षांत कोरून झालेला नाही, हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. अशा प्रत्येक खुणेचा फोटो काढायचा, जीपीएस बिंदू घ्यायचा, आणि पंचनाम्यात तिचं वर्णन लिहायचं. ‘जुनी बाग आहे’ एवढ्यावर भागत नाही. किती झाडं, मोठ्या पाच-सहा झाडांच्या बुंध्याचा घेर किती, बांधाची लांबी किती मीटर, हे आकडे लिहायचे.

वडीलधाऱ्यांचं निवेदन हा सर्वांत वाया जाणारा पुरावा आहे. पंचायतीत एक छापील मजकूर असतो, ‘सदर इसम पूर्वीपासून येथे राहत असून जमीन कसत आहे’, आणि त्याखाली अंगठा. याला काही किंमत राहत नाही, कारण पंधरा दाव्यांना तोच मजकूर जोडलेला असतो. चांगल्या निवेदनात काळ बांधणाऱ्या खुणा असतात: पोर्तुगीज गेले त्या वर्षी या घरात कोण होतं, वाड्यावर वीज आली तेव्हा ही बाग धरती झाली होती का, कुमेर कोणत्या बाजूनं फिरत गेला, दावेदाराच्या बापानं कोणत्या उतारावर काजू लावला. सांगणाऱ्याचं वय, दावेदाराशी नातं नसल्याची नोंद, आणि दोन साक्षीदार. कोकणीत सांगितलेलं कोकणीतच लिहून घ्यावं. सरकारी मराठीत वळवताना तपशील गळतात.

पाहणीत काजू जंगल कसा होतो

वनहक्क समिती ही ग्रामसभेनं निवडलेली 10 ते 15 जणांची समिती. त्यात किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक-तृतीयांश महिला. समितीतल्या सदस्याचा स्वतःचा दावा असेल तर त्याच्या पडताळणीत त्यानं बसायचं नाही. ही समिती दावेदाराला आणि वन खात्याला कळवून जागेवर जाते. वन आणि महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांनी तिथे हजर राहून पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची, असं नियम 12-अ सांगतो.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, वन खात्याचा माणूस येत नाही. दुसरी पाहणी ठरते, तो पुन्हा येत नाही, आणि समिती थांबून राहते. थांबायची गरज नाही. कळवल्याची पोच असेल तर पाहणी करून घ्यावी. गैरहजर राहिलेल्या खात्यानं नंतर हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि त्या वेळीही ते हजर राहिले नाहीत तर प्रत्यक्ष पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. ही तरतूद थेट अशा चालढकलीसाठीच लिहिलेली आहे, पण ती वापरायची तर कळवल्याचं पत्र आणि आवक क्रमांक हातात हवा. तोंडी निरोपाला इथे अर्थ नाही.

दुसरी गोष्ट उपग्रहाच्या चित्राची. आपल्या जोडप्याच्या 11,500 चौरस मीटरपैकी फक्त 2,300 चौरस मीटर ‘लागवडीखाली’ दाखवली गेली. कारण सोपं आहे. जुन्या काजूचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतात, वरून ते बाजूच्या रानासारखेच दिसतात. दोन वर्षं मोकळा सोडलेला कुमेर वरून झुडपी जंगल दिसतो. त्यातून चित्र पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतलं असेल तर सगळंच हिरवं. तंत्रज्ञान इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरायचं, त्याच्या जागी वापरायचं नाही, हे नियमांतच आहे. म्हणून समितीनं पंचनाम्यात स्वतःची मोजणी लिहावी, उपग्रह चित्राशी ती का जुळत नाही याचं कारण एका ओळीत द्यावं, आणि जमल्यास एप्रिल-मेमध्ये पाहणी ठेवावी. त्या दिवसांत पालापाचोळा झाडून साफ केलेली बाग आणि रान यांतला फरक कोणालाही दिसतो.

गणपूर्ती

गोव्यातल्या या प्रकरणाचा गाभा इथे आहे. समितीनं केलेली शिफारस ग्रामसभेनं ठराव करून मान्य करावी लागते. त्या सभेसाठी तीन अटी आहेत. ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत. हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. आणि दाव्यांवर ठराव होणार असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर हवेत.

कायद्याच्या मनातली ग्रामसभा म्हणजे एका वस्तीतल्या सगळ्या प्रौढ माणसांची सभा. गोव्यात मात्र ग्रामसभा म्हटलं की पंचायतीची ग्रामसभा समोर येते, आणि एका पंचायतीत अनेक वाडे असतात. आपल्या नमुन्यातल्या पंचायतीत 1,640 प्रौढ मतदार आहेत. निम्मे म्हणजे 820. पंचायतीच्या सभागृहात फार तर 300 खुर्च्या बसतात. रविवारी सकाळी दहाला सभा, मे महिन्यात. डोंगरातली माणसं काजू वेचायला गेलेली, तरुण मुलं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, आणि बाजाराजवळच्या प्रभागांतल्या ज्या कुटुंबांचा वनजमिनीशी काडीचा संबंध नाही त्यांना यायचं कारणच नाही. 140 जण जमतात, सभा तहकूब होते. पुढची तारीख जूनमध्ये, तेव्हा पेरणी. असं तीन-चार वेळा झालं की ‘लोकांनाच रस नाही’ असा शेरा पडतो. ज्यांचा दावा आहे ते सगळे आलेले असतात. जे आले नाहीत त्यांच्या गैरहजेरीची शिक्षा दावेदारांना होते.

यावर निम्म्याची अट कमी करा अशी मागणी गोव्यात अनेकदा होते. आम्हाला ती पटत नाही. हीच अट ग्रामसभेच्या ठरावाला वजन देते. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 18 एप्रिल 2013 रोजी बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला, आणि 12 वस्त्यांच्या सभांनी एकमुखानं खाण नाकारली. त्या सभा पंचायत पातळीच्या नव्हत्या, गावपातळीच्या पल्लीसभा होत्या. उद्या सांग्यात किंवा केप्यात खाणीचा, धरणाचा किंवा वीजवाहिनीचा प्रश्न आला, तर 60 माणसांच्या सभेत तो मंजूर होऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही अट जपली पाहिजे.

उपाय सभा लहान करण्यात आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयानं 12 जुलै 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलं आहे: पंचायत पातळीवरच्या सभेमुळे छोट्या वस्त्या वगळल्या जातात, तेव्हा वाडी-वस्तीच्या पातळीवर ग्रामसभा बोलवा. नियम 2-अ नुसार पंचायतीनं आपल्या हद्दीतल्या वस्त्या आणि वाड्यांची यादी करायची आणि उपविभागीय अधिकाऱ्यानं ती एकत्र करायची. आपल्या वाड्यावर 26 घरांत 94 प्रौढ आहेत. निम्मे म्हणजे 47, त्यात 16 महिला. देवळासमोरच्या मांडावर संध्याकाळी एवढी माणसं सहज बसतात.

त्यासाठी करायचं ते असं. वाड्यावरच्या माणसांनी पंचायतीकडे आणि उपजिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा की या वस्तीचं नाव नियम 2-अ च्या यादीत घ्या आणि इथे स्वतंत्र ग्रामसभा बोलवा. सोबत घरांची यादी, मतदारयादीतले अनुक्रमांक आणि हाताने काढलेला का होईना, वस्तीचा नकाशा. मतदारयाद्या आणि वन-महसूल नकाशे ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे, ते मागून घ्यावेत. सभेच्या दिवशी हजेरीपत्रकात स्त्री-पुरुष वेगळे रकाने, दावेदारांच्या नावापुढे खूण, आणि इतिवृत्ताच्या पहिल्याच परिच्छेदात तिन्ही अटींचे आकडे. ‘गणपूर्ती होती’ असं नुसतं लिहिलेला ठराव वरच्या समितीतून हमखास परत येतो.

त्याच डोंगरावरचं दुसरं घर

गवळी-धनगरांची तीन घरं याच वाड्यावर, याच ओहळाचं पाणी पितात. त्यांना मात्र दुसरी फूटपट्टी लागते. गोव्यातल्या धनगर समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी जुनी आहे आणि ती पूर्ण झालेली नाही. त्यामुळे ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात, आणि त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या वनात वास्तव्य होतं हे दाखवावं लागतं. कायद्यात पिढी म्हणजे 25 वर्षं. 75 वर्षं मागे गेलं की आपण 13 डिसेंबर 1930 वर पोचतो.

1930 साली इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्याच वर्षी पोर्तुगीज नेता सालाझारच्या वसाहत कायद्यानं इथल्या लोकांना दुय्यम ठरवलं. कागद झाले ते पोर्तुगीजमध्ये, आणि गुरांमागे डोंगरात फिरणाऱ्या माणसाच्या नावाचा कागद करायची गरज त्या राज्याला सहसा वाटली नाही. सत्तरीत जमात नसलेल्या शेतकऱ्यांपुढेही हाच डोंगर उभा आहे.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे 75 वर्षांची अट कशाची, हे नीट वाचणं. ती वास्तव्याची आणि वनावर अवलंबून असण्याची आहे. दावा केलेला तुकडाच 75 वर्षं ताब्यात होता असं दाखवावं लागत नाही, त्यासाठी 2005 चीच तारीख आहे. आदिवासी कार्य मंत्रालयानं हा खुलासा केलेला आहे, तरीही अनेक दावे याच गैरसमजातून अडतात. म्हणून इथे वंशावळ, पूर्वजांची थडगी आणि देवांची ठाणी, जुने गुरवाडे, आणि शेजारच्या वेळीप वडीलधाऱ्यांची निवेदनं कामी येतात. पणजीच्या पुराभिलेख खात्यात आणि चर्च किंवा कोमुनिदादीच्या (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) दप्तरात गावाच्या रहिवासाचा, चराईच्या कराचा उल्लेख सापडला तर तो संपूर्ण वस्तीच्या दाव्यांना चालतो. एक माणूस एकदा शोधतो, सगळ्यांना उपयोग होतो.

दुसरी वाट सामूहिक हक्काची. कलम 3(1)(ड) चराईचा आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क मानतं. नमुना ‘ब’मध्ये चराईची राखीव राने, पाणवठे, गुरं नेण्याच्या वाटा भरल्या तर गवळी-धनगरांची उपजीविका वैयक्तिक दाव्यापेक्षा जास्त सुरक्षित होते. गोव्यात सामूहिक दाव्यांकडे फार दुर्लक्ष झालं आहे. देवराई, मध-शिकेकाईची जागा, ओहळ, सगळं वैयक्तिक दाव्यांच्या बाहेर राहतं, आणि नमुना ‘क’ भरल्याशिवाय गावाला स्वतःचं रान राखण्याचा अधिकार कागदावर येत नाही.

ग्रामसभेच्या वर

ठराव उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे. तिचा निर्णय अंतिम. या दोन्ही समित्यांनी अपुरा वाटणारा दावा स्वतः कापायचा नाही, कारण नोंदवून ग्रामसभेकडे परत पाठवायचा. दावा कमी केला किंवा नाकारला तर ते दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं, म्हणजे त्याला 60 दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. ही मुदत समितीला आणखी 30 दिवस वाढवता येते. म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोणाविरुद्ध निकाल द्यायचा नाही.

लेखी नकार मिळवणं किती महत्त्वाचं, हे 2019 मध्ये सगळ्या देशाला कळलं. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश अनेक राज्यांना दिला. 28 फेब्रुवारीला तो स्थगित झाला, कारण दावे फेटाळताना प्रक्रिया पाळली गेली का, हाच प्रश्न पुढे आला. ज्याच्या फाईलमध्ये कारणासह नकार आणि त्याविरुद्धचा अर्ज आहे, तो दावा अंतिमतः फेटाळलेला नसतो. ज्याला खिडकीवर तोंडी ‘तुमचं झालं नाही’ सांगितलं गेलं, त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. आणि तोवर कलम 4(5) लागू आहे: मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. हे कलम छापून घरात ठेवावं.

24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई अभयारण्य आणि लगतचं क्षेत्र व्याघ्र राखीव म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात वननिवासींचे हक्क 12 महिन्यांत निश्चित करायलाही सांगितलं. राज्य सरकारनं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. गावागावांत चर्चा झाली ती वाघ की माणूस अशी. वन्यजीव कायद्याचं कलम 38-व्ही हक्कांची मान्यता पूर्ण झाल्याखेरीज आणि लोकांच्या संमतीखेरीज व्याघ्र राखीवातून कोणाला हलवता येत नाही असं सांगतं, ते फारसं कोणी सांगितलं नाही. वाघाच्या नावानं घाबरलेल्या वाड्याला सर्वांत जास्त संरक्षण मान्य झालेल्या दाव्याचं आहे. दावा अडकून पडला की वाघाचंही भलं होत नाही आणि माणसाचंही.

हक्कपत्र हातात आल्यावर

आपल्या जोडप्याचा दावा वाड्यावरच्या सभेत 58 जणांच्या हजेरीत, 31 महिलांसह, 11,500 चौरस मीटरसाठी मंजूर होऊन गेला, असं धरू. हक्कपत्र स्वीकारताना चार गोष्टी तिथेच तपासायच्या. दोघांची नावं आहेत का. क्षेत्र ग्रामसभेच्या ठरावाइतकं आहे का, आणि दशांश चिन्ह योग्य जागी आहे का, कारण 1.15 हेक्टरचं 0.115 होणं ही नेहमीची चूक आहे. सर्व्हे क्रमांकाचा उपविभाग बरोबर आहे का. चतुःसीमा नैसर्गिक खुणांनी लिहिल्या आहेत का. क्षेत्र कमी असेल तर ‘उर्वरित क्षेत्राबाबत हरकत कायम ठेवून’ असं लिहूनच सही करायची, आणि क्षेत्र का कापलं याची कारणं असलेल्या निर्णयाची प्रत त्याच दिवशी मागायची. जिल्हा समितीनंतर दाद मागायची ती उच्च न्यायालयात, तिथे ही प्रत लागते. प्रक्रियेतल्या कसुरीसाठी जबाबदार अधिकाऱ्याला कायद्यात दंड आहे, पण तो फक्त 1,000 रुपयांपर्यंत, आणि त्यासाठी आधी राज्यस्तरीय समितीला 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

हक्कपत्रानंतर वन आणि महसूल खात्यानं अंतिम नकाशा करून तो आपापल्या दप्तरांत घ्यायचा असतो. राज्याच्या कायद्यात ठरलेली मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे आधी येईल तेवढ्या वेळात. हे काम आपोआप होत नाही. हक्कपत्राची प्रत जोडून मामलेदाराकडे फेरफाराचा अर्ज द्यावा, तीन महिन्यांनी एक-चौदाचा नवा उतारा काढावा, आणि त्यात नोंद दिसली नाही तर हक्कपत्राच्या क्रमांकासह स्मरणपत्र आवक-जावकमध्ये घालावं. काजूच्या पुनर्लागवडीसाठी कृषी खात्याचं अनुदान मागायला गेल्यावर पहिला कागद मागतात तो हाच उतारा.